वाचून, समजून, राजीखुशीने

टिळक रोडच्या थांब्यावर धायरीची बस येऊन थांबली, तिच्या खिडकीतून एका म्हातारीने "ए हिरे" अशी हाक मारली आणि दीपालीबरोबर चष्मा आणायला आलेल्या, तिच्या गल्लीतल्या दुर्गाबाईंनी मान वळवली. घडलं ते एवढंच. पण मान वळवण्याच्याही तऱ्हा असतात. रस्त्यात कोणी कुणाला हाक मारली तर आपण उगाच जरा बघून घेतो आणि ती आपल्याला नाही म्हटल्यावर पुन्हा आपल्या विचारांना लागतो. ही मान तशी वळली नव्हती. ती आधी वळली आणि हाक आपल्याला आली हे दुर्गाबाईंना मागाहून कळलं. सासष्ट वर्षांच्या त्या चेहऱ्यावर क्षणभर परकरातली पोर दिसली, बस सुटली, खिडकीतला हात हलत राहिला, आणि दुर्गाबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "आमच्या आळीतली शालू. किती वाळली बया." ती तुम्हाला हिरा का म्हणाली, असं दीपालीने विचारलं. "मग काय म्हनंल? त्येच नाव हाय माजं. दुर्गा तर लग्नातलं." एवढं बोलून त्यांनी नव्या चष्म्याचं खोकं पिशवीत नीट खाली सरकवलं आणि येरवड्याची बस दिसते का ते बघू लागल्या.

दीपालीच्या खांद्यावरच्या बॅगेत त्या वेळी तिचा प्रबंध होता. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, समाजशास्त्राचा, तासाभरापूर्वीच सदाशिव पेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घेतलेला. विषय, शहराला चिकटलेल्या गावांतल्या बहिणींनी भावांना लिहून दिलेली हक्कसोडपत्रं. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी सोडला, असं बहिणीने सरकारी कचेरीत जाऊन लिहून द्यायचं, तो कागद. तिसऱ्या पानावर चौकटीत लिहिलं होतं की सहभागी व्यक्तींची ओळख उघड होऊ नये म्हणून सर्व नावे बदलली आहेत. आणि चौथं प्रकरण पूर्णच्या पूर्ण एका बाईचं होतं. धायरीत जन्मलेली, येरवड्याला दिलेली, नवरा वारलेला, थोरल्या भावाने आईच्या दहाव्यानंतर दुसऱ्याच दिवशी कचेरीत नेऊन सही घेतलेली. त्या बाईचं बदललेलं नाव होतं हिरा. प्रबंध शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा होता आणि आज गुरुवार होता.

बस आली. दुर्गाबाईंना खिडकी मिळाली, दीपालीला त्यांच्या शेजारी अर्धी जागा. संशोधनपद्धतीच्या तासाला शिकवलं होतं की टोपणनाव संशोधकाने आपल्या मनाने ठेवू नये, ज्याचं त्याला निवडू द्यावं, तेवढाच समोरच्या माणसाचा मान राहतो. दीपालीला ते इतकं पटलं होतं की तिने ते वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. मुलाखतीच्या पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, मावशी, यात तुमचं खरं नाव येणार नाही, दुसरं कोणतं लिहू? दुर्गाबाईंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं होतं, हिरा लिही. आणि हसल्या होत्या. दीपालीने रात्री टिपण केलं होतं, 'नाव पटकन निवडले. आवडते असावे.' असावे! अडतिसाव्या वर्षी कॉलेजात जाऊन केवढं हे शहाणपण आलं होतं. खोटं नाव सांगा म्हटल्यावर त्या बाईने आपलं खरं नाव सांगितलं होतं, आणि सगळ्या येरवड्यात ते कोणाला माहीत नव्हतं म्हणून दीपालीला ते खोटं वाटलं होतं.

तिच्या घरी ती रीतच नव्हती, हे ती स्वतःशी सबबीसारखं म्हणून बघत होती. छप्पन्न साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा उंबऱ्याबाहेर ज्या बऱ्याच गोष्टी टाकून दिल्या, त्यांत ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं, तेही गेलं. आत्या ज्या नावाने जन्मल्या त्याच नावाने नांदायला गेल्या. आईने तर आपलं नाव सासरच्या दारावरच्या पाटीवरसुद्धा लावून घेतलं. दुसऱ्यांच्यात असं करतात हे दीपालीला ठाऊक नव्हतं असं नाही; ठाऊक असणं वेगळं आणि ऐन वेळी सुचणं वेगळं. तिने दुर्गाबाईंना जमिनीबद्दल विचारलं होतं, भावांबद्दल, कचेरीबद्दल, त्या दिवशी नेसलेल्या साडीच्या रंगाबद्दलसुद्धा. तुमचं माहेरचं नाव काय, एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

दुर्गाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. थोरला भाऊ पोपटदादा आता धायरीत मोठा माणूस झालाय, शेताच्या जागी त्याच्या नावाच्या तीन इमारती उभ्या आहेत, हे त्यांनीच सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. तोच अवघड भाग होता. त्या मुलाखतीत भावाबद्दल नको नको ते बोलल्या होत्या. आईचं नाव सांगून मला फसवलं म्हणाल्या होत्या, त्याच्या घरातला घास घशाखाली उतरत नाही म्हणाल्या होत्या. आणि तरी दर भाऊबीजेला सकाळीच आंघोळ करून, घरी केलेल्या करंज्यांचा डबा घेऊन त्या धायरीला जात होत्या. ओवाळत होत्या. वाटा गेला, आता ते ताट तेवढं राहिलंय, असं त्यांचंच वाक्य चौथ्या प्रकरणाच्या शेवटी होतं. ते छापून कोणाच्या हाती पडलं, नावानिशी, तर ते ताटही जाणार होतं. दीपालीने बॅग मांडीवर घट्ट धरली. शेजारी दुर्गाबाईंनी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि दुकानांच्या पाट्या बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत राहिल्या.

घरी आल्यावर दीपालीने आपल्या मार्गदर्शक अपूर्वा मॅडमना फोन केला. मॅडम तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान होत्या आणि तिला दीपालीताई म्हणत. दोघींनाही पहिलं वर्षभर त्याची लाज वाटली आणि मग सवय झाली. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दीपालीताई, नाव रिप्लेस करा. दोन मिनिटांचं काम आहे. सूडोनिम म्हणून आपण प्रॉमिस केलंय ना, मग ते खरं नाव ठेवताच येणार नाही." त्या बरोबरच बोलत होत्या. दीपाली म्हणाली, पण ते नाव त्यांनी निवडलंय. विचारायचं असेल तर जरूर विचारा, मॅडम म्हणाल्या, पण शनिवारी पाचला पोर्टल बंद होतं आणि त्यानंतर त्या स्वतःही काही करू शकत नाहीत. मग प्रबंध थेट ऑक्टोबरच्या सत्रात. आणि विभागातल्या प्रकल्पावर संशोधन सहायकाची जी जागा दीपालीसाठी त्यांनी धरून ठेवली होती, ती काही ऑक्टोबरपर्यंत थांबणार नव्हती. हे मॅडमनी बोलून दाखवलं नाही. दोघींनाही ते माहीत होतं.

ती संगणकापुढे बसली. हिराच्या जागी रखमा, असं टाकलं आणि बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळीकडे रखमा झालं. रखमा म्हणते की आईच्या दहाव्याला. रखमाला वाटलं की दादा म्हणजे बापाच्या जागी. कुठे रक्त नाही, कुठे आवाज नाही. दीपाली ते वाचत राहिली आणि तिला एक लग्न दिसू लागलं जे तिने कधी पाहिलं नव्हतं. पितळी ताट, तांदूळ, त्यांवरून फिरणारी अंगठी, मुंडावळ्यांआडून वाकून बघणारी अठरा वर्षांची मुलगी, आणि सगळ्यांचं हसणं. काय लिहिलं, काय लिहिलं, असं कोणीतरी विचारतंय. दुर्गा. छान आहे. मुलीला कोणी विचारलं नाही आणि विचारायचं असतं असं मुलीलाही वाटलं नाही. आता हे दुसऱ्यांदा, आणि या वेळी ताट धरणारी दीपाली. तिने मागे घेतलं. रखमा गेली, हिरा जागच्या जागी आली, आणि प्रश्न होता तिथेच राहिला.

खरं तर प्रश्न नावाचा नव्हताच, हे तिला संमतीपत्र हातात घेतल्यावर कळलं. फाईलमध्ये ती सगळी होती, सहभागी अकरा बायकांची अकरा संमतीपत्रं. नमुना विभागाकडून इंग्रजीत आला होता, मराठी तिने केलं होतं, आणि मॅडमनी फार सुंदर मराठी आहे म्हणून वर्गात ते दाखवलं होतं. 'मी वरील मजकूर वाचून व समजून घेतला असून, कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने सही करीत आहे.' तिने ते वाक्य सुचून लिहिलं नव्हतं. तिच्या बोटांना ते पाठ होतं. एम.ए.ला येण्याआधी अकरा वर्षं ती वैजनाथराव नावाच्या दस्तलेखकाकडे टंकलेखनाला होती, नोंदणी कचेरीच्या समोरच्या जिन्याखाली. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड. शेवटी हेच यायचं, वाचून, समजून, राजीखुशीने.

आणि बायका यायच्या. भाऊ गाडीतून घेऊन यायचा, बहुतेक वेळा नवी साडी आधीच देऊन झालेली असायची, त्यामुळे बाई नव्या साडीत अवघडून बाकावर बसायची. वैजनाथराव कागद दाखवून म्हणायचे, ताई, कायद्याची भाषा आहे ही, आम्हालाच धड कळत नाही. मग मान न वळवता म्हणायचे, दीपाली, थोडक्यात सांग यांना. आणि दीपाली सांगायची. काही नाही मावशी, जमीन भावांच्या नावावर राहणार, तुमची हरकत नाही, एवढंच. तिचा आवाज चांगला होता, माणसांना विश्वास वाटावा असा. वैजनाथराव म्हणायचे, पोरीच्या जिभेवर साखर आहे. मग ती त्या बायकांना समोर कचेरीत घेऊन जायची. यंत्रावर अंगठा उठत नसे. भांडी घासून, खुरपून, धुणी धुऊन अंगठ्यांवरच्या रेघा गेलेल्या असायच्या आणि यंत्र पुन्हा पुन्हा नाही म्हणायचं. दीपाली ओल्या रुमालाने ते अंगठे चोळायची, हाताने धरून काचेवर दाबायची, म्हणायची, मावशी लवकर, साहेब जेवायला उठतील. तिला एकही चेहरा आठवत नव्हता. अंगठे आठवत होते, एका नखावरची चीर, एका पेरावरचा चटका. एकदा एका बाईने अंगठा उठल्यावर, बाहेर येऊन पायऱ्या उतरताना विचारलं होतं, यात काय काय लिहिलंय गं? दीपालीने तेव्हा पहिल्यांदा सगळं सांगितलं. बाई म्हणाली, असं व्हय. आणि रस्ता ओलांडून भावासोबत चहा प्यायला गेली. त्या जूनमध्ये दीपालीने एम.ए.चा अर्ज आणला. आपण काहीतरी सोडून निघालोय असं तिला वाटलं होतं.

आता तिला दुर्गाबाईंच्या संमतीपत्राचा दिवस स्वच्छ आठवला. दीपालीच्या घरी, पंख्याखाली. दोन पानांचं पत्र. तिने पहिलं पान त्यांच्यापुढे धरलं होतं, नाही, धरलं असंही नव्हतं, स्वतःच्या हातातच ठेवलं होतं आणि गोड आवाजात म्हणाली होती, मावशी, थोडक्यात सांगते. मग दुसरं पान उलटून खालच्या रेघेवर बोट ठेवलं होतं. इथं. दुर्गाबाईंनी वाकून, डोळे बारीक करून 'दुर्गा' असं लिहिलं होतं. शिक्षणाच्या रकान्यात दीपालीने लिहिलं होतं, सही करता येते. वर्गात ती सगळ्यांत जास्त तावातावाने बोलायची की भावाने बहिणीला कागद वाचून दाखवला नाही. ती उठून मोरीत गेली, तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच ओल्या तोंडाने उभी राहून ठरवलं की उद्या जायचं आणि सुरुवातीपासून सगळं पुन्हा करायचं. पहिलं पान आधी. शनिवार राहो की जावो, हेही त्याच वेळी म्हणून टाकायला हवं होतं. पण ते तिला म्हणवलं नाही. तिला ती जागा हवी होती. दोन वर्षं तिने वीस-बावीस वर्षांच्या मुलांमध्ये पहिल्या बाकावर बसून त्यांचं 'आंटी' ऐकून घेतलं होतं ते काही उगाच नव्हे.

शुक्रवारी दुपारी दुर्गाबाई दाराशी उजेडात बसून गहू निवडत होत्या, नवा चष्मा लावून. आता खडे दिसतात गं, म्हणाल्या, इतके दिवस खातच होतो म्हणायचं. दीपाली त्यांच्यासमोर फरशीवर बसली आणि तिने काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. हिरा हे तुमचं खरं नाव आहे हे मला माहीत नव्हतं, मी विचारायला हवं होतं. हे पुस्तक कॉलेजच्या वाचनालयात राहील, कदाचित कॉलेजच्या संकेतस्थळावर जाईल, मग कोणीही मोबाइलवर उघडून वाचू शकेल. धायरीचं कोणी वाचलं तर ओळखेल. दुर्गाबाईंचा हात गव्हात थांबला. म्हणाल्या, दादाची नात निकिता तिकडंच शिकते, तुमच्या मोठ्या कॉलेजात. दीपालीला हे नवीन होतं. आतापर्यंत ती ज्याला धोका म्हणत होती त्याला आता नाव होतं, आणि तिच्याच कॉलेजच्या जिन्यावरून ते बहुधा रोज खाली-वर करत होतं. तिने सांगितलं की नाव बदलता येईल, आहे तसं ठेवता येईल, किंवा तुमचं सगळंच्या सगळं काढून टाकता येईल. तुम्ही म्हणाल तसं.

"सगळं काढलं तर तुझं काय?"

"माझं मी बघीन, मावशी."

दुर्गाबाईंनी तिच्याकडे चष्म्यातून नीट बघितलं. पोरीला खोटं बोलता येत नाही हे त्यांना कळलं असावं. दीपालीने बॅगेतून चौथं प्रकरण काढलं. ते तिने सकाळी मोठ्या अक्षरांत वेगळं छापून घेतलं होतं, वाचून दाखवायला सोपं जावं म्हणून. मांडी नीट घातली, पाणी प्यायली, घसा साफ केला. आज ती थोडक्यात सांगणार नव्हती. शब्दन् शब्द वाचून दाखवणार होती, तास लागो की दोन तास, आणि त्यानंतर पहिलं पान, मग दुसरं, मग सही, आणि रात्री काय बदल असतील ते करून उद्या दुपारपर्यंत पोर्टलवर. तिने मनातल्या मनात सगळं बसवून ठेवलं होतं. म्हणाली, ऐका हं मावशी, सगळं वाचते.

"दे हिकडं," दुर्गाबाई म्हणाल्या.

त्यांनी हात पदराला पुसला आणि कागद तिच्या हातातून काढून घेतले. ते गुडघ्यावर ठेवले, सारखे केले. मग पहिल्या ओळीखाली बोट धरून त्या बघत राहिल्या आणि दीपालीला वाटलं की अक्षरं मोठी आहेत का ते पाहताहेत.

"मला वाचता येतं," त्या म्हणाल्या. "चौथीपतुर होते की शाळंत. पटावर हिरा नाव हाय माजं."

दीपालीला संमतीपत्रावरचा शिक्षणाचा रकाना आठवला.

"तवाबी येत हुतं. त्या कचेरीत." आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "कुनी कागद हातात दिलाच न्हाई. दादानं न्हाई, त्या मानसानं न्हाई. तूबी न्हाई."

बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. दीपालीने आपले हात बघितले; ते ओला रुमाल धरल्यासारखे एकमेकांत गुंतले होते. ते तिने सोडवले. मावशी, चुकलं माझं, असं ती म्हणाली, आणि तिला रडू आलं ते तिने लपवलं नाही. दुर्गाबाईंनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्या पानं मोजत होत्या. अठ्ठावीस झाली, म्हणाल्या. मोठी अक्षरं आहेत ते बरं केलंस, पण मी सावकाश वाचते, सवय न्हाई राहिली. आणि वाचून झालं की विचार करायला पायजे. नाव ठेवायचं का न्हाई ते. दादाचं काय ते. भाऊबीजेचं काय ते. सोमवारी सांगते.

सोमवार. दीपालीच्या जिभेवर वाक्य तयार होतं, अकरा वर्षांच्या सवयीने, साखरेसकट. मावशी, तुम्ही दमाल, मी थोडक्यात सांगते ना. त्याच्या मागोमाग दुसरं, उद्या पाचला बंद होतं हो, साहेब उठतील. दोन्ही वाक्यं खोटी नव्हती. दोन्ही प्रेमाने बोलता आली असती, आणि या बाईने ऐकलंही असतं, कारण ती आयुष्यभर ऐकतच आली होती. ऑक्टोबर, तिच्या मनात आलं. जागा जाणार. अपूर्वा मॅडम काही म्हणणार नाहीत आणि तेच जास्त लागेल. घरी बाबा विचारतील, काय झालं गं, सुटलीस का, आणि आपण सांगू, नाही बाबा, अजून नाही. ती वाक्यं तोंडात थोडा वेळ घोळत राहिली. मग तिने ती गिळली.

"घ्या वेळ," ती म्हणाली. "सोमवारी, नाहीतर मंगळवारी. तुमचं होईल तेव्हा."

"मंगळवार कशाला? सोमवार म्हनलं ना."

दीपालीने गव्हाचं ताट आपल्याकडे ओढलं आणि निवडायला घेतलं. समोर दुर्गाबाईंचं बोट ओळीखालून सरकू लागलं, थांबत, मागे जात, पुन्हा पुढे. हि-रा म्ह-ण-ते की. ओठ हलत होते. आपल्याच तोंडचं वाक्य त्या पहिल्यांदा भेटल्यासारखं वाचत होत्या, मधेच हं म्हणत होत्या, एका ठिकाणी हसल्या. तिसऱ्या पानावर त्या बराच वेळ अडकल्या. बोट एकाच ओळीखाली पुढे-मागे होत राहिलं. दीपालीला वाटलं एखादं जोडाक्षर अडलं असेल, सांगावं. पण ती गहू निवडत राहिली.

"हे असं न्हाई म्हनले मी," दुर्गाबाई मान वर न करता म्हणाल्या. "दादा रडत हुता त्या दिवशी. ते राहिलंय ह्यात. पेन हाय का तुज्याकडं?"

दीपालीने पेन दिलं. अकरा वर्षांत तिने किती बायकांच्या हातात पेन दिलं होतं त्याचा हिशेब नव्हता. या खेपेला कुठे टेकवायचं ते तिने दाखवलं नाही.